दोनशे जखमी अर्ध्या तासात आले तर? मुंबईच्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांबद्दल

गिरणगावची

हा धागा बरीच वर्षं मनात आहे. आज लिहितेच.

११ जुलै २००६, मंगळवार. तेव्हा आम्ही लालबागची खोली सोडून कांदिवलीला राहायला गेलो होतो. बाबा संध्याकाळी चर्चगेटहून गाडी पकडायचे, फर्स्ट क्लासचा पास होता. त्या दिवशी साडेसहाच्या आसपास अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. २०९ माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली.

मोबाइल लागत नव्हते. मी, माझा मामेभाऊ आणि शेजारचे काका साडेआठला निघालो. पहिल्या रुग्णालयात भिंतीवर वहीचा फाडलेला कागद चिकटवला होता, त्यावर बॉलपेनने नावं. शंभर माणसं त्या एका कागदावर वाकलेली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, वॉर्डात जाऊन स्वतः बघा. तिसऱ्या ठिकाणी थेट शवागाराकडे बोट दाखवलं. काकांनी मला बाहेर थांबवलं आणि ते आत गेले. ते परत येईपर्यंतची मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

बाबा चौथ्या रुग्णालयात सापडले, पहाटे साडेतीनला. केसपेपरवर लिहिलं होतं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०. आणि बाबा शुद्धीवर होते! स्फोटाने दोन्ही कानांचे पडदे फाटले होते. नाव विचारलं ते त्यांना ऐकूच आलं नाही. ते नुसते बघत राहिले, म्हणून 'अनोळखी'. पास पँटच्या खिशात होता, फोटोसकट. पँट कापून काढली आणि ती कुठल्यातरी गोणीत गेली.

त्या रुग्णालयावर माझा राग नाही, उलट बाबांचा पाय तिथल्याच डॉक्टरांनी वाचवला. पण सात तास आम्ही ज्या माणसाला शोधत होतो तो स्वतःचं नाव सांगू शकत होता, आणि ते विचारायची पद्धत कोणाकडे नव्हती, हे मनातून जात नाही.

आता आईला दर महिन्याला ओपीडीला नेते. जाताना कॅज्युअल्टीवरून, म्हणजे तातडीच्या विभागावरून, जावं लागतं. साध्या बुधवारीही तिथे दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी आणि गादीवर पेशंट असतो. नातेवाईक ट्रॉली शोधत फिरत असतात. या जागेत दोनशे जखमी एकदम आले तर?

इथे डॉक्टर, सिस्टर, रुग्णवाहिकेवरचे लोक आहेत हे माहीत आहे. खाटा किती, कोटी किती हे आकडे मला नकोत. पहिल्या अर्ध्या तासात कोण काय करतं ते सांगा.


जुनी_सिस्टर

ताई, वाचून घशाशी आलं. मी चौतीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत.

लोकांना वाटतं की आधी फोन येतो, मग आम्ही तयार होतो आणि मग जखमी येतात. तसं होत नाही. आधी टॅक्सी येते. त्यात चार जण, कपडे रक्ताने भिजलेले. ड्रायव्हर सांगतो, "सिस्टर, मागे अजून येतायत." कंट्रोल रूमचा फोन त्यानंतर येतो, कधी वीस मिनिटांनी.

दुसरं म्हणजे पहिल्या खेपेला येतात ते चालू शकणारे. हात कापलेला, डोक्याला खोक, पायात काच. ते स्वतः धावत येतात किंवा त्यांना उचलणं सोपं असतं. ज्याची सगळ्यात वाईट अवस्था असते तो अजून रुळावर नाहीतर ढिगाऱ्याखाली असतो. तो येईपर्यंत ट्रॉल्या भरलेल्या, टाके घालायचे सेट उघडलेले आणि सगळे हाऊसमन (ज्युनिअर डॉक्टर) एकेका खोकेवर वाकलेले. पहिल्या पंधरा मिनिटांत हात आखडता घ्यावा लागतो आणि तेच फार कठीण आहे, कारण समोरचा माणूस रडत असतो.

आमच्या एका इन्चार्ज सिस्टर होत्या. मी त्यांच्याकडून शिकले. असा प्रसंग आला की त्या पेशंटकडे धावत नसत. आधी दाराशी जात. दोन मामांना (वॉर्डबॉयना) दारात उभं करायच्या. एका दाराने पेशंट आत, दुसऱ्याने बाहेर, पेशंटमागे एकच नातेवाईक. चालणाऱ्या सगळ्यांना ओपीडीच्या बाकांवर पाठवायच्या आणि तिकडे एक इंटर्न, एक सिस्टर आणि ड्रेसिंगची ट्रॉली द्यायच्या. मग वॉर्डांना फोन: उद्या घरी जाणारे आज जिन्यात बसतील, खाटा मोकळ्या करा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या निवृत्त झाल्या आणि ते त्यांच्याबरोबर गेलं.

लिहिलेली योजना होती. फाइल ऑफिसात. आपत्कालीन सामानाचं कपाटही होतं. एकदा रात्री गरज पडली तेव्हा किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जच्या पर्समध्ये, आणि त्या डोंबिवलीला. कुलूप तोडलं. दुसऱ्या दिवशी कुलूप कोणी तोडलं म्हणून माझ्याकडून लेखी खुलासा घेतला.


हाडं_जोडणारा

सिस्टर जे सांगतायत त्यालाच, म्हणजे कोणाला आधी बघायचं हे ठरवण्याला, पुस्तकात ट्रायाज म्हणतात, आणि त्या इन्चार्जना ते कोणत्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं. मी तेव्हा ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या विभागाचा, रजिस्ट्रार होतो, म्हणून माझ्या बाजूने थोडं विस्ताराने लिहितो.

रोजच्या कॅज्युअल्टीत नियम असा की जो सगळ्यात गंभीर त्याच्यावर सगळं पणाला लावायचं. एकदम दोनशे आले की हा नियम बदलतो. मग प्रश्न एवढाच उरतो: माझ्याकडे जेवढे हात आहेत तेवढ्यात जास्तीत जास्त माणसं कशी जगतील? त्यासाठी चार रंग. हिरवा म्हणजे चालू शकणारा. पिवळा म्हणजे जखम मोठी, पण तासभर थांबू शकेल. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल, नाहीतर जाईल. काळा म्हणजे मृत, किंवा आपल्याकडच्या साधनांत वाचण्याची आशाच नसलेला. त्या शेवटच्या गटात श्वास चालू असलेला माणूसही असू शकतो. असा रंग एकदा दिला की तो चेहरा आयुष्यभर सोबत राहतो.

तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. चालतोय का? श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का? नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का, मनगटाला नाडी लागते का? "मूठ वळा" म्हटलं तर वळतो का? बीपीचं मशीनही लागत नाही.

आणि इथेच ताईंच्या बाबांचा मुद्दा येतो. "मूठ वळा" हे ऐकू यायला हवं ना! बंद डब्यातल्या स्फोटात कानाचे पडदे फाटणं अगदी नेहमीचं आहे. अशा माणसाने सांगितलेलं केलं नाही, तर मेंदूला मार आहे असं समजून त्याला चुकीचा रंग दिला जाऊ शकतो. हाताने खूण करून दाखवावी, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तो धडा मी ताईंच्या पोस्टमधून आज घेतला.

रंग कोणी द्यायचा? आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात पडतं, कारण वरिष्ठ ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेलेले असतात. खरं तर दारात सगळ्यात अनुभवी सर्जन उभा हवा आणि त्याने एकाही पेशंटवर उपचार करता कामा नये. त्याने टाका घालायला सुई हातात घेतली की दार उघडं पडलं. शिवाय रंग एकदाच देऊन भागत नाही. पिवळा अर्ध्या तासात लाल होतो. बरगडी मोडलेला माणूस शांत बसलेला असतो आणि आत रक्त साचत असतं.

ओटीतही सवय मोडावी लागते. अशा दिवशी पूर्ण ऑपरेशन करायचं नसतं. पोट उघडायचं, रक्तस्राव थांबवायचा, कापडाच्या घड्या दाबून बसवायच्या, पोट तात्पुरतं झाकायचं आणि पेशंट आयसीयूत. बाकीचं उद्या-परवा. हाडाला बाहेरून सळया लावून स्थिर करायचं आणि पुढचा घ्यायचा. रुग्णालय खाटांपाशी अडत नाही. ते अडतं सीटी स्कॅनच्या दारात, व्हेंटिलेटरपाशी आणि भूलतज्ज्ञांच्या संख्येपाशी. दहा टेबलं असली आणि भूल देणारे तीन असले, तर टेबलं तीनच.


विरारफास्ट

सगळा भार केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे यांच्यावरच का? वाटेत मोठमोठी खासगी रुग्णालयं आहेत. त्यांनी दारातून परत पाठवलं तर?


काळा_कोट

परत पाठवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी. पोलिसांची कागदपत्रं, एमएलसी (पोलीस केसची नोंद) नंतर. आणि रस्ते अपघातातल्या जखमीला घेऊन येणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४ए खाली संरक्षण आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. टॅक्सीवाल्यांना हे अजून माहीत नाही. कोणी भेटला की सांगा.


एकशेआठ

मी आठ वर्षं रुग्णवाहिकेवर होतो. वरचं सगळं पटलं, पण माझ्या मते गोष्ट रुग्णालयाच्या दारात बिघडत नाही, त्याच्या आधी रस्त्यावर बिघडते.

अपघात झाला की सगळे जवळच्या रुग्णालयात जातात. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले, सत्तरहून अधिक जखमी. बहुतेकांना राजावाडीत नेलं. ९ डिसेंबर २०२४ ला रात्री कुर्ल्यात बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसली, चाळीसहून जास्त जखमी, आणि भाभा रुग्णालय अगदी हाकेच्या अंतरावर. जवळ आहे म्हणून जाणं माणुसकीचंच आहे. पण राजावाडी, भाभा ही उपनगरी रुग्णालयं. तिथे मेंदूची शस्त्रक्रिया करणारी टीम रात्रंदिवस उभी नसते. मग त्याच पेशंटला पुन्हा गाडीत घालून सायनला किंवा केईएमला न्यायचं. पहिला महत्त्वाचा तास या हेलपाट्यातच जातो.

होणं असं हवं: जागेवर एक माणूस, त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचं जॅकेट, आणि कोण कुठे जाणार हे तोच ठरवणार. लाल मोठ्या रुग्णालयात. हिरवे मुद्दाम लांब, बसमध्ये बसवून. जवळचं रुग्णालय हिरव्यांनी भरू द्यायचंच नाही.

पण हा माणूस कोण? पोलीस? अग्निशमन दल? पालिका? १०८ ची सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या आल्या, त्यात डॉक्टर असतो. चांगलं काम झालंय. पण १०८ ची कंट्रोल रूम वेगळी, पालिकेची १९१६ हेल्पलाइन वेगळी, पोलिसांची वेगळी. कुठल्या रुग्णालयात आत्ता किती व्हेंटिलेटर रिकामे आहेत हे मला गाडीत बसून कधीच कळलं नाही. मी ओळखीच्या सिस्टरला फोन करून विचारायचो. ओळख नसलेल्या रुग्णालयात पेशंट नेताना नशिबावर हवाला.

ढिगाऱ्यातल्या जखमींबद्दल एक सांगायलाच हवं. मुंबईत इमारती पडतच असतात. २०१३ ला डॉकयार्ड रोडला ६१ गेले, २०१७ ला भेंडीबाजारात ३३. स्लॅबखाली तासन्‌तास पाय अडकलेला माणूस बोलत असतो, पाणी मागतो. स्लॅब उचलला की कधी कधी पाच मिनिटांत जातो. दाबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबतं. वाचला तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून स्लॅब उचलायच्या आधी, तो खाली असतानाच सलाईन सुरू करावं लागतं आणि पुढे डायलिसिस तयार ठेवावं लागतं. म्हणजे बचाव पथकाबरोबर ढिगाऱ्यात उतरणारा डॉक्टर हवा. नुसतं बाहेर रुग्णवाहिका उभी करून भागत नाही.


माहीमचा

२००६ ला आमच्या वस्तीतल्या बायकांनी घरातल्या चादरी काढून दिल्या. त्यात घालून आम्ही रुळावरून माणसं उचलली. कोणी सांगितलं नव्हतं. मला तरी वाटतं, मुंबईची खरी आपत्कालीन सेवा म्हणजे रस्त्यावरचा माणूस, आणि त्याचं कौतुक कमी पडतं.


गिरणगावची

@माहीमचा, माझ्या बाबांनाही असंच कोणीतरी चादरीतून नेलं. ती चादर गुलाबी फुलांची होती, बाबांना अजून आठवते. तो माणूस कोण हे कधीच कळलं नाही. तुमच्यापुढे हात जोडते.

पण त्या कौतुकाच्या आड मग कुणीतरी लपतं, हे मला खुपतं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मुंबई पुन्हा धावली' आलं आणि 'चौथ्या रुग्णालयात यादी का नव्हती' हे कोणी विचारलं नाही. चादर देणाऱ्याने त्याचं काम केलं. यादी करणं त्याचं काम नव्हतं.


शवागाराबाहेर

यादीबद्दल बोलताय म्हणून लिहितो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले. केईएममध्ये मृतांच्या कपाळावर नंबर टाकले होते आणि फोटो फलकावर लावले होते. माझ्या मित्राला आम्ही त्या फलकावरच पाहिलं. कपाळावर आकडा. त्याची बायको बरोबर होती. तिने तो फोटो पाहिला. गोंधळ टळावा म्हणून केलं असं सांगितलं गेलं, आणि हेतू वाईट नव्हता हे मी मानतो. तरी माणसाच्या कपाळावर नंबर लिहू नये. मनगट होतं, पाय होता.


जुनी_सिस्टर

दादा, तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त आमची बाजू ठेवते. टॅग दोऱ्याने बांधला की तो निघतो. कपडे कापताना, अंग पुसताना, ट्रॉलीवरून उचलताना. एकदा आमच्याकडे दोन टॅगांची अदलाबदल झाली आणि एका घरी दुसऱ्याच्या मुलाचं प्रेत गेलं असतं. आजीने पायावरची जुनी जखम पाहिली म्हणून वाचलो. त्या रात्रीनंतर मी कातडीवरच नंबर लिहायची, पण छातीवर किंवा दंडावर, आणि वर चादर. फोटो घेताना फक्त चेहरा, आणि तो फलकावर कधीच नाही. एका खोलीत समाजसेविका एकेक फोटो उलटा ठेवून दाखवणार, एका वेळी एकाच कुटुंबाला. याला फार पैसे लागत नाहीत. एक खोली लागते आणि तिथून न हलणारी एक व्यक्ती.

जिवंतांसाठीही तेच. दारातून आत येताच एक नंबर, आणि तोच नंबर केसपेपरवर, रक्ताच्या नमुन्यावर, एक्स-रेवर आणि कपड्यांच्या पिशवीवर. कपडे पेशंटपासून वेगळे करायचेच नाहीत, पिशवी त्याच्या ट्रॉलीखाली. ताईंच्या बाबांचा पास त्या पिशवीत सापडला असता.


हाडं_जोडणारा

सिस्टरांशी शंभर टक्के सहमत. आणि नातेवाइकांसाठी सगळ्या शहराची एकच यादी हवी. प्रत्येक रुग्णालयाने दर अर्ध्या तासाने नंबर, नाव किंवा वर्णन, आणि वॉर्ड एवढंच १९१६ ला कळवायचं. मग लोकांना पाच रुग्णालयांत पळावं लागणार नाही. याचा उपचारालाही फायदा आहे, कारण कॅज्युअल्टीतली अर्धी गर्दी शोधणाऱ्यांची असते.


विरारफास्ट

अशा वेळी मी नेहमी रक्त द्यायला धावतो. ते तरी उपयोगी पडतं ना?


रक्तपेढीवाला

भाऊ, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून आमचं काम चालतं. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी जखमींना जे रक्त चढतं ते आधीच फ्रीजमध्ये असलेलं. आज तुम्ही दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, मलेरिया, सिफिलिस या चाचण्या होऊन, घटक वेगळे होऊन बाहेर पडायला वेळ लागतो.

मोठी घटना झाली की दारात शेकडो माणसं उभी राहतात, रांग आवरायला आमचेच तंत्रज्ञ लागतात, आणि तेव्हाच आत क्रॉसमॅचची (पेशंटला रक्त जुळतं का ते बघायची) कामं तुंबलेली असतात. घेतलेल्या लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. आणि पुरुषाला पुन्हा द्यायला तीन महिने, बाईला चार महिने थांबावं लागतं. म्हणजे एका दिवशी सगळ्यांनी दिलं तर महिन्या-दीड महिन्याने साठा बाद होतो आणि नेमके नेहमीचे दाते अजून देऊ शकत नाहीत. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेजं बंद असतात, तेव्हा आमचे फ्रीज रिकामे पडतात. तुमची खरी गरज तेव्हा आहे. घटनेच्या दिवशी फोन करून विचारा, नाव लिहून ठेवा आणि बोलावलं की या.


चौथी_श्रेणी

सगळे डॉक्टर-सिस्टरांबद्दल बोलताय. मी वॉर्डबॉय, लोक मामा म्हणतात. कंत्राटावर.

मॉक ड्रिल आमच्याकडे झालं. सकाळी अकराला, आठवडाभर आधी नोटीस, फरशी धुऊन, फोटोग्राफर. अंगाला लाल रंग लावलेली नर्सिंगची मुलं. पंचवीस मिनिटांत संपलं, चहा झाला. त्यात आम्ही कंत्राटी कोणी नव्हतो, आम्हाला खुर्च्या लावायला ठेवलं होतं. पण रात्री ट्रॉली कुठे असते, कोणत्या ट्रॉलीचं चाक अडकतं, कोणती लिफ्ट मध्येच थांबते, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर कुठला आणि रिकामा कुठला, हे आम्हालाच माहीत. ड्रिल घ्यायचं तर रविवारी रात्री दोनला घ्या, न सांगता. तेव्हा वॉर्डात चाळीस पेशंटमागे एक सिस्टर आणि कधी कधी अर्धा मामा असतो, कारण तोच दोन वॉर्ड बघतो. खरं काय आहे ते त्या दिवशी कळेल.


वॉर्ड_सतरा

मामांचं म्हणणं लाखमोलाचं. त्यात एकच भर घालते: रुग्णालयच पेटलं तर? १७ डिसेंबर २०१८ ला अंधेरीत मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, माणसं धुराने गेली. जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून जास्त. २६ नोव्हेंबर २००८ ला तर कामा रुग्णालयात अतिरेकीच शिरले. तिथल्या अंजली कुलथे सिस्टरांनी वीस गरोदर बायकांना एका छोट्या खोलीत हलवून वाचवलं. दिवे बंद, दारं बंद, आवाज नाही. पुढे २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या बोलल्या तेव्हा मी टीव्हीपुढे उभी राहिले होते.

माझ्या वॉर्डात व्हेंटिलेटरवरचा पेशंट अंधारात, धुरात, तीन मजले खाली कसा न्यायचा हे मला आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही. मी स्वतः ज्युनिअर मुलींना शिकवते: गादीखालची चादर चारही टोकांना गाठी मारून ओढायची, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) त्याच्या छातीवर ठेवायची, आणि जो सगळ्यात जवळच्या दाराशी आहे त्याला आधी.


काळा_कोट

गिरणगावची ताई, चर्चा चांगली झाली, आता कागदावर उतरवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मास कॅज्युअल्टीबद्दलची (एकदम खूप जखमी आले तर काय करायचं याची) मार्गदर्शक तत्त्वं २००७ पासून आहेत, रुग्णालय सुरक्षेची २०१६ पासून. म्हणजे काय असायला हवं ते ठरलेलं आहे. आहे का, एवढंच विचारायचं. माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. 'का' विचारू नका, 'का'ला उत्तर देत नाहीत. प्रत मागा, तारीख मागा, संख्या मागा.


गिरणगावची

काल रात्री बसून लिहिला. आई ज्या रुग्णालयात जाते त्याच्याच जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे आहे. योजनेची प्रत आणि ती शेवटची कधी सुधारली ती तारीख. गेल्या तीन वर्षांतल्या मॉक ड्रिलच्या तारखा, सुरू झाल्याची वेळ, आणि त्यात कंत्राटी कर्मचारी किती होते. आपत्कालीन कपाटाची किल्ली प्रत्येक पाळीत कोणाकडे असते त्या आदेशाची प्रत (सिस्टर, हे तुमच्यासाठी). दारात ट्रायाजला कोण उभं राहणार, त्या पदाचं नाव. मृत आणि अनोळखी रुग्णांच्या ओळखीची लेखी पद्धत. नातेवाईक कक्षाची जागा. १४६ शब्द झाले.


चौथी_श्रेणी

ट्रॉल्या किती आणि त्यातल्या चालू किती, हे टाका ना ताई. चार शब्द उरलेत.


गिरणगावची

टाकलं, मामा. 'ट्रॉल्या: एकूण, चालू संख्या.' बरोबर १५०.

आज दुपारी पोस्टात टाकायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं, म्हणून उजव्या बाजूला बसून, मोठ्याने. सगळं ऐकून म्हणाले, "नाव विचारताना कागद-पेन्सिलही पुढे करा म्हणावं." माहिती अधिकाराच्या अर्जात सूचना देता येत नाही आणि शब्दही संपले होते. म्हणून त्यांचं वाक्य इथे लिहून ठेवते. इथले जे डॉक्टर आणि सिस्टर आज रात्रपाळीला आहेत, त्यांच्यासाठी.